वनहक्काचा पट्टा हाती आला. आता ग्रामसभेने जंगलाचा धंदा चालवायचा कसा?

तेंदूपत्ता, बांबू, मोहफूल विकण्याआधी प्रत्येक गावाने समजून घ्याव्यात अशा गोष्टी

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागातल्या अनेक गावांत आज सामूहिक वनहक्काचा पट्टा आहे. काही ठिकाणी तो लॅमिनेशन करून समाजमंदिराच्या भिंतीवर टांगलेला दिसतो, काही ठिकाणी अध्यक्षाच्या घरच्या पेटीत असतो. पण माल मात्र बऱ्याच गावांतून जुन्याच रीतीने निघतो. ठेकेदार गाडी घेऊन येतो, दोन-चार जणांशी बोलतो, भाव ठरतो. हंगाम संपतो आणि मग पावसाळाभर लोक एकमेकांना विचारत फिरतात, उरलेले पैसे कधी येणार?

पट्ट्यामुळे जंगलावरचा हक्क मिळतो. धंदा मात्र शिकावा लागतो. आणि ज्या गावांनी तो शिकला, त्यांच्याकडे पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते: तिथे माल कोणाला, कितीला आणि कोणत्या अटीवर विकला हे गावातल्या साध्या माणसालाही माहीत असतं. चढा भाव एखाद्या वर्षी मिळतो, एखाद्या वर्षी नाही. हिशेब गावासमोर असेल तर वाईट वर्षातूनही ग्रामसभा निघते. हिशेब दोन-तीन माणसांच्या खिशात असेल तर चांगल्या वर्षातही भांडण होतं आणि ग्रामसभा मोडते.

तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होण्याआधीच हे सगळं बसून ठरवायचं असतं. म्हणून ही माहिती.

कायद्याने गावाला नेमकं काय दिलं?

वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. या कायद्याच्या कलम ३ मध्ये गावाच्या धंद्याशी संबंधित दोन मोठे हक्क आहेत.

पहिला, गौण वनोपजाची मालकी. म्हणजे ते गोळा करणं, वापरणं आणि विकणं. गौण वनोपजात काय येतं तेही कायद्यात लिहिलं आहे: बांबू, तेंदूपत्ता, मध, मेण, लाख, टसरचे कोष, औषधी वनस्पती, कंदमुळं वगैरे. सागवान किंवा दुसरं इमारती लाकूड यात येत नाही. बांबू विकता येतो म्हणून साग तोडता येतो असा समज कोणी करून घेऊ नये.

दुसरा, गावाच्या सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. म्हणजे जंगल कसं राखायचं, कुठे चराई बंद ठेवायची, किती बांबू काढायचा हे ग्रामसभेने ठरवायचं.

सुरुवातीला अडचण व्हायची ती वाहतुकीची. माल गावाचा, पण वाहतूक परवाना म्हणजे टीपी वनखात्याची. टीपी मिळाली नाही की माल जागेवरच पडून. ६ सप्टेंबर २०१२ रोजी नियमांत दुरुस्ती झाली आणि हे बदललं. आता गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देऊ शकते. गोळा केलेल्या मालावर प्रक्रिया करणं, तो जंगलाबाहेर नेणं आणि विकणं हेही हक्कातच धरलं आहे. या मालावर सरकारला कोणतीही रॉयल्टी किंवा फी द्यावी लागत नाही, असंही नियमात स्पष्ट आहे.

पेसा कायदा १९९६ चा आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. तो फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू आहे. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. पण म्हणून तिथल्या गावांनी हात झटकायचं कारण नाही, वनहक्क कायदा तिथेही आहे. गावात बिगर आदिवासी घरं असली तरी हरकत नाही. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून त्यांचाही कायद्यात विचार केलेला आहे, फक्त तीन पिढ्यांच्या म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याची अट त्यांना आहे.

आधी पट्टा नीट वाचा

हे सांगण्याची गरज आहे, कारण पट्टा न वाचलेली गावं पुष्कळ आहेत. पट्ट्यावर चार गोष्टी तपासायच्या. क्षेत्र किती हेक्टर लिहिलं आहे? कक्ष क्रमांक कोणते? चतुःसीमा बरोबर आहे का? आणि खाली काही अटी घातल्या आहेत का?

काही गावांनी दावा एका क्षेत्राचा केला आणि पट्टा त्याहून कमी क्षेत्राचा आला. कुठे नुसता सामूहिक वापराचा पट्टा मिळाला, व्यवस्थापनाचा नाही. हे दोन वेगळे पट्टे आहेत, त्यांचे दाव्याचे अर्जही वेगळे असतात. आपला कोणता आहे ते पाहा. चूक असेल तर ग्रामसभेचा ठराव करून उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच लागत नाही.

तीन गावं, तीन वाटा

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गाव लहान, वस्ती पाचशेच्या आसपास. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे या गावाचं नाव देशभर गेलं. पण गावाची खरी ताकद म्हणजे निर्णय सर्वांच्या सहमतीने घेण्याची रीत आणि त्याआधी विषय समजून घेण्यासाठी चालवलेला अभ्यास गट. पट्टा मिळाल्यावरही बांबूच्या टीपीसाठी गावाला झगडावं लागलं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ग्रामसभा स्वतःच्या टीपीवर बांबू विकू शकते हे तिथे पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला. या गावाने बांबूवर भर दिला आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. पत्त्यासाठी झुडपं छाटली जातात, आगी लावल्या जातात, त्याने जंगलाचं नुकसान होतं, हे त्यामागचं कारण. हातचं उत्पन्न सोडणं सोपं नव्हतं. पण बांबूच्या कामातून गावातच रोजगार उभा राहिल्यामुळे तो निर्णय टिकला. जंगलाचा काही भाग गावाने पूर्ण राखीवही ठेवला.

अमरावती जिल्ह्यातलं पायविहीर हे अचलपूर तालुक्यातलं गाव. त्यांच्या वाट्याला मोठं जंगल आलं नाही, मिळालं ते उजाड झालेलं रान. गावाने चराई आणि तोडीवर बंधनं घातली, माती-पाण्याची कामं केली, झाडं लावली. सीताफळाची झाडं चांगली धरली तेव्हा फळ ठेकेदाराला न देता गावाने स्वतः उतरवून, निवडून, खोक्यात भरून शहरात विकायला सुरुवात केली.

तिन्ही गावांचा माल वेगळा आहे. पण आपल्या जंगलात काय आहे, त्यातलं काय विकायचं आणि काय सोडायचं, हे तिघांनीही गावात बसून ठरवलं. शेजारच्या गावाने तेंदू विकला म्हणून आपणही विकायचा, हा काही विचार नव्हे.

कोणती समिती कशाला?

इथे बहुतेक गावांत गोंधळ आहे. एकाच गावात तीन-तीन समित्या असतात आणि कोणाचं काम कोणतं हे कोणालाच नीट ठाऊक नसतं.

वनहक्क समिती ही दावे तयार करण्यासाठी आणि तपासण्यासाठी असते. १० ते १५ सदस्य, त्यात एक तृतीयांश तरी महिला. पट्टा मिळाल्यावर धंदा चालवणं हे तिचं काम नाही.

संयुक्त वनव्यवस्थापन समिती ही वनखात्याच्या योजनेतली. वनहक्क कायद्याचे अधिकार तिच्याकडे नसतात.

धंद्यासाठी लागते ती वनहक्क नियमातल्या नियम ४(१)(ङ) खालची समिती. ती ग्रामसभा आपल्या सदस्यांतून नेमते. जंगलाचं रक्षण करणं, व्यवस्थापन आराखडा करणं आणि टीपी देणं ही तिची कामं. पण टीपी, विक्रीच्या उत्पन्नाचा वापर आणि आराखड्यातला बदल, या तीनही गोष्टींतल्या समितीच्या निर्णयांना ग्रामसभेची मंजुरी लागते. म्हणजे समिती कामकरी आहे, मालक ग्रामसभाच.

ग्रामसभेची गणपूर्ती लक्षात ठेवा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्याहून कमी सदस्य चालत नाहीत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. रात्री आठ वाजता पंधरा पुरुष बसले, सह्या घरोघरी फिरवून घेतल्या, असं केलं तर तो ठराव कागदावरच राहतो. उद्या ठेकेदाराशी वाद झाला तर तोच कागद गावाच्या विरुद्ध जाईल.

तेंदूपत्ता: भाव मोठा की हमी मोठी?

१९६९ च्या राज्याच्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला होता. वनखातं युनिटचा लिलाव करायचं, ठेकेदार मजुरी द्यायचा. २०१३ पासून गडचिरोली आणि गोंदिया भागातल्या काही ग्रामसभांनी स्वतः विक्री सुरू केली आणि हळूहळू संख्या वाढत गेली.

आपल्याकडे ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत ७० हजार पानं. ठेकेदार जो भाव बोलतो त्यात दोन भाग असतात: तोडणाऱ्याची मजुरी आणि ग्रामसभेची रॉयल्टी. दोन्ही वेगवेगळे विचारून घ्या. नुसता एकत्र आकडा ऐकून खूश होऊ नका.

२०१७ च्या हंगामात भाव खूप चढले होते. पुढच्याच वर्षी ते कोसळले, आणि मधल्या काळात अनेक ग्रामसभांचे पैसे ठेकेदारांकडे अडकले. तेव्हापासून शहाण्या ग्रामसभा भावाआधी पैसे कधी देणार हे विचारतात. का, ते एका हिशेबाने पाहू. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरले आहेत, हा बाजारभाव नाही.

समजा गावाचा अंदाज २०० गोणींचा आहे आणि मजुरी गोणीला ४००० रुपये ठरली.

पहिला ठेकेदार गोणीला १०,००० रुपये बोलतो. एकूण २० लाख. पण आधी फक्त चौथा हिस्सा, म्हणजे ५ लाख देणार. उरलेले माल विकल्यावर.

दुसरा ठेकेदार गोणीला ९००० रुपये बोलतो. एकूण १८ लाख. पण निम्मे, म्हणजे ९ लाख, तोडणी सुरू होण्याआधी ग्रामसभेच्या खात्यात. उरलेले ९ लाख गोदामातून गाडी निघण्याआधी.

कागदावर पहिला २ लाखांनी चांगला. पण २०० गोणींची मजुरीच ८ लाख होते. पहिल्याने माल नेऊन फोन बंद केला तर गावाच्या हातात ५ लाख. मजुरीलाच ३ लाख कमी, रॉयल्टी तर दूरच. दुसऱ्याने मध्येच हात वर केले तरी ९ लाखांत मजुरी निघते आणि न उचललेला माल गावाच्या गोदामात राहतो. तो दुसऱ्याला विकता येतो.

दुसरा व्यवहार पूर्ण झाला तर काय? गोणीमागे रॉयल्टी ५०००, एकूण १० लाख. ग्रामसभेने त्यातले दहा टक्के, म्हणजे १ लाख, गावकोषात ठेवले आणि बाकी तोडलेल्या पुड्यांच्या प्रमाणात वाटले, तर २००० पुडे देणाऱ्या घराला मजुरीचे ८००० आणि रॉयल्टीचे ९००० असे १७ हजार रुपये मिळतात. हा हिशेब हंगामाआधीच फळ्यावर लिहून दाखवता येतो. मग प्रत्येक घराला आपले पुडे मोजून घेण्याची सवय लागते.

करारात हे लिहिलंच पाहिजे

आधी जाहिरात द्या, बंद लिफाफ्यात भाव मागवा आणि लिफाफे ग्रामसभेतच, सगळ्यांसमोर उघडा. कोणाला का निवडलं ते ठरावात लिहा. मग स्टॅम्प पेपरवर करार करा. त्यात किमान एवढं असावं:

- मजुरीचा आणि रॉयल्टीचा दर वेगवेगळा, अक्षरी आणि आकडी.
- अनामत रक्कम किती आणि हप्ते कोणत्या तारखेला. सगळे पैसे ग्रामसभेच्या बँक खात्यातच, कोणाच्या हाती रोख नाही.
- पूर्ण पैसे आल्याशिवाय टीपी मिळणार नाही ही अट. टीपीचं पुस्तक हीच गावाच्या हातातली कुलूपकिल्ली आहे.
- फळीवर पुडा मोजून घेतला की तो ठेकेदाराचा. नंतर अवकाळी पाऊस आला, गारपीट झाली, पान काळं पडलं तर नुकसान त्याचं. हे न लिहिल्यामुळे दरवर्षी कुठे ना कुठे वाद होतो.
- खराब म्हणून पुडे बाजूला काढायचे असतील तर ते तोडणाऱ्यासमोर आणि ग्रामसभेच्या माणसासमोर. दिवाणजीने मनाने शंभरामागे पाच-दहा कापायचे नाहीत.
- जीएसटी कोणी भरायचा. तेंदूपत्त्याच्या विक्रीवर आयकराचा टीसीएसही लागतो. त्यामुळे ग्रामसभेच्या नावाने पॅन असला पाहिजे आणि हंगामाआधी एकदा कर सल्लागाराला भेटून घेतलं पाहिजे.
- नव्या पानासाठी जंगलात आग लावली तर दंड. खुटकटाईने काम होतं, आगीची गरज नाही.
- तोडणीला गेलेल्या माणसावर वाघ, अस्वल किंवा हत्तीने हल्ला केला, अपघात झाला, तर ठेकेदाराने काय द्यायचं. आपल्या भागात ही नुसती भीती राहिलेली नाही. अंधारात एकेकट्याने जायचं नाही, जथ्याने जायचं, हा नियम ग्रामसभेनेही करावा.

बांबू: तोडण्याआधी मोजा

तेंदूचं पान दरवर्षी येतं, त्यामुळे चूक झाली तरी पुढच्या वर्षी सावरता येतं. बांबूत तसं होत नाही. एकदा रांजी ओरबाडली की कित्येक वर्षं ती उठत नाही. म्हणून बांबूचा धंदा मोजणीपासून सुरू होतो.

जंगलाचे भाग पाडा आणि आलटून पालटून एकेका भागात तोड करा, म्हणजे तोडलेल्या भागाला विश्रांती मिळेल. प्रत्येक भागात थोड्या रांज्या निवडून त्यात किती जुने, किती नवे बांबू आहेत ते मोजा. त्यावरून अंदाज बांधा. तोडायचे ते पक्के, तीन वर्षांवरचे बांबू. या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचे कोवळे बांबू ठेवायचे, कारण नवीन वास्त्यांना आधार तेच देतात. पावसाळ्यात तोड पूर्ण बंद. वास्ते भाजीला काढायचे तेही किती आणि कुठून, यावर ग्रामसभेने मर्यादा घालावी.

हे सगळं कागदावर आलं की तोच व्यवस्थापन आराखडा होतो. आराखडा म्हणजे इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक असायला हवं असं नाही. कोणत्या भागात काय आहे, काय राखायचं, किती काढायचं, राखण कोण करणार, एवढं मराठीत किंवा गोंडीतल्या चर्चेनंतर मराठीत लिहिलेलं असलं की काम सुरू होतं. पुढे रोजगार हमीतून जंगलातली माती-पाण्याची आणि लागवडीची कामं मागायची तर हाच आराखडा दाखवावा लागतो.

बांबू मोजायचा कसा हेही व्यापाऱ्याशी आधी ठरवा. नगावर की बंडलवर? लांबी किती? जाडी कुठे मोजायची? लांब बांबू तोडून आखूड म्हणून मोजले तर फरक गावाच्या खिशातून जातो.

मोहफूल, टोर, हिरडा: छोटा माल, मोठी संधी

तेंदू आणि बांबू सगळं गाव मिळून विकतं. मोहफूल, टोर, चारोळी, हिरडा, बेहडा, आवळा, डिंक, मध हे मात्र बाया घरोघरी गोळा करतात आणि आठवडी बाजारात मिळेल त्या भावाला घालतात. एप्रिलमध्ये स्वस्तात विकलेलं मोहफूल पावसाळ्यात तेच घर महाग विकत घेतं, हे कोणाला नवीन नाही.

इथे पहिली पायरी म्हणजे साठवण. बचत गटाने हंगामात गावातच रोख भावाने माल घ्यायचा, नीट वाळवायचा, कोरड्या जागी ठेवायचा आणि भाव चढल्यावर एकत्र विकायचा. मोह खाली झाडून माती-खड्यासकट गोळा करण्याऐवजी झाडाखाली जाळी बांधली तर फूल स्वच्छ मिळतं आणि झाडाखाली जाळपोळही करावी लागत नाही. वजनकाटा गटाचा स्वतःचा असावा.

दुसरी पायरी प्रक्रियेची. टोरीचं तेल, आवळ्याची सुपारी, गाळलेला मध. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये वनधन योजना सुरू केली. त्यात साधारण २० जणांचे १५ गट मिळून ३०० सदस्यांचं एक वनधन केंद्र होतं आणि त्याला प्रशिक्षण, यंत्रं यासाठी मदत मिळते. महाराष्ट्रात हे काम शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडून चालतं. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी गुळवेलीच्या विक्रीतून या योजनेत नाव कमावलं.

पण यंत्र आधी आणि माल नंतर, असा उलटा कारभार करू नका. अनुदानातून आलेलं यंत्र पोत्याखाली झाकून ठेवलेलं गावोगाव दिसतं. आधी एक हंगाम नुसता माल एकत्र करून विकून पाहा. गिऱ्हाईक कोण, किती घेतो, पैसे कधी देतो हे कळलं की मग यंत्राचा विचार.

हिशेब चव्हाट्यावर

ग्रामसभेच्या नावाने बँकेत वेगळं खातं हवं. सह्या एकट्या माणसाच्या नकोत, दोघा-तिघांच्या हव्यात आणि त्यात एक तरी बाई असावी. नुसती सहीपुरती नाही, पासबुक वाचणारी.

फळीवर दोन वह्या ठेवा: एक दिवाणजीची, एक ग्रामसभेची. रोज संध्याकाळी दोन्ही जुळवून सही करायची. तोडणाऱ्याकडे स्वतःचं कार्ड असावं, त्यावर रोजचे पुडे लिहायचे. कोणाला वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला ते काम द्या.

हंगाम चालू असताना आठवड्याला एकदा गावात आकडे वाचून दाखवायचे: किती पुडे झाले, किती पैसे खात्यात आले, किती वाटले, किती बाकी. मोबाईलवर पासबुकाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला तर उत्तमच. पण ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी भिंतीवरचा फळा हवाच. खर्चही तसाच सांगायचा. समितीची माणसं तालुक्याला गेली, गाडीभाडं लागलं, चहा-जेवण झालं, हे लपवण्यासारखं नाही. लपवलं की मात्र पाचशे रुपयांचा संशय पाच लाखांचा होतो.

गावकोषातल्या पैशांचं काय करायचं तेही आधीच ठरवा. जंगलाची राखण, जाळरेषा, अडल्या घराला मदत, पोरांचं शिक्षण, पुढच्या हंगामाचं भांडवल. सगळं वाटून टाकलं तर पुढच्या वर्षी जाहिरातीलाही पैसे राहत नाहीत आणि गाव पुन्हा ठेकेदाराच्या उचलीवर येतं.

एकट्या गावापेक्षा चार गावं

लहान गावाचा पत्ता शे-दीडशे गोणी. त्यासाठी मोठा व्यापारी येत नाही, येतो तो अडून भाव पाडणारा. म्हणून कोरची तालुक्यातल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. तिच्यात प्रत्येक गावातून पुरुषांबरोबर महिलाही प्रतिनिधी येतात. जाहिरात, भाव ठरवणं, करार, ठेकेदाराने फसवलं तर पाठपुरावा, ही कामं एकत्र होतात. माल आणि पैसा मात्र ज्या त्या ग्रामसभेचा राहतो.

हाच नियम बाकीच्या तालुक्यांनी लक्षात ठेवावा. एकत्र येऊन भाव मागा, पण खाती वेगळी ठेवा आणि शेवटचा निर्णय आपल्या ग्रामसभेकडेच ठेवा. नाहीतर ठेकेदार गेला आणि त्याच्या जागी महासंघाचा अध्यक्ष आला, एवढाच बदल होईल.

आता लगेच काय करायचं?

जानेवारीत पट्टा वाचून घ्या, समिती नेमली आहे का पाहा, बँक खातं आणि पॅन तपासा, गेल्या वर्षीचा हिशेब ग्रामसभेत मांडा. जुना हिशेब मिटल्याशिवाय नवा करार नको.

फेब्रुवारीत जाहिरात, लिफाफे आणि ठराव. जाळरेषा काढण्याचं काम याच महिन्यात. खुटकटाईची तारीख ठरवा.

मार्च-एप्रिलमध्ये करार, अनामत आणि पहिला हप्ता. खात्यात पैसे दिसल्याशिवाय फळी सुरू करायची नाही, मग ठेकेदार कितीही ओळखीचा असो. मोहाचा हंगामही याच दिवसांत, बचत गटांनी त्याची तयारी वेगळी करावी.

मे महिन्यात तोडणी, रोजची मोजणी, आठवड्याचं वाचन. माल उचलण्याआधी पूर्ण पैसे, मगच टीपी.

जूनमध्ये पेरणीच्या आधी मजुरी आणि रॉयल्टीचं वाटप पूर्ण झालं पाहिजे. बी-बियाणं आणि खताला पैसे लागतात ते तेव्हाच. पोळ्याला मिळालेल्या रॉयल्टीचा धानाच्या बांधीला काही उपयोग नाही, आणि जूनमध्ये सावकाराकडे गेलेलं घर पुढच्या हंगामात पुन्हा ठेकेदाराच्या उचलीला हात पसरतं. म्हणून करारातली सगळ्यात महत्त्वाची तारीख हीच धरा, आणि ती मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहून ठेवा.